धागा: कोडमधूनच डॉक्युमेंटेशन – डॉक्सिजन आणि त्याची भावंडं कुठून कुठं आली

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीन शॉपच्या जोडीनं आता कंट्रोल पॅनेल, फर्मवेअर (मशीनच्या चिपमधला प्रोग्रॅम) असली कामं करणारी छोटी युनिटं पण दिसतात. तिथं कोड लिहिणारी माणसं एक नाहीतर दोन, आणि सगळी माहिती त्यांच्या डोक्यात. माणूस नोकरी बदलून पुण्याला गेला की माहिती पण त्याच्याबरोबर गेली. मागं राहतं काय तर पहिल्या व्हर्जनच्या वेळी लिहिलेली एक वर्डची फाईल, आणि त्यातलं निम्मं आता खरं नसतंय.

यावरचा उपाय लई आधीपासून आहे आणि फुकट आहे. कोडमध्येच कॉमेंट लिहायच्या आणि टूलनं त्यातून पानं तयार करायची. मी डॉक्सिजन या अशाच टूलबद्दल लिहितो कारण आमचं काम सी आणि सी प्लस प्लसचं, बाकीच्यांनी आपापल्या भाषांची भर घाला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेल्या तीसेक वर्षांत या टूल्सची पानं देखणी झाली, सर्च आला, गडद रंगसंगती आली, ते सगळं चांगलंच. पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा बदल म्हणजे आधी ही टूल्स कॉमेंट फक्त छापायची, आता ती कॉमेंट तपासायला लागलीत. ज्या युनिटमध्ये हे तपासणं चालू आहे तिथलं डॉक्युमेंटेशन टिकतंय, बाकी ठिकाणी दोन वर्षांत मरतंय.

उद्यमनगरकर
आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मुळात विचार मोठा होता. डोनाल्ड नुथ यांनी १९८४ साली लिटरेट प्रोग्रॅमिंगची कल्पना मांडली. त्यांच्या वेब नावाच्या सिस्टीममध्ये (हे आत्ताचं इंटरनेटवालं वेब नव्हे, ते नंतर आलं) एकाच फाईलमध्ये माणसासाठी लिहिलेलं गद्य आणि पास्कलचा कोड शेजारी शेजारी असायचा. टँगल चालवलं की कंपायलरसाठी कोड बाहेर यायचा, वीव्ह चालवलं की छापायला मजकूर. टेक हा छपाईची मांडणी करणारा अख्खा प्रोग्रॅम त्यांनी असाच लिहिला. पण यात प्रोग्रॅमरनं आधी लेखक व्हायला लागतंय, निबंधासारखी मांडणी करून त्यात कोड बसवायचा, आणि कामाच्या रेट्यात ते सगळ्यांना जमणारं नव्हतं.

मग सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं जावा भाषेसोबत जावाडॉक आणलं, १९९५-९६ चा काळ. त्यांनी मागणी एकदम कमी केली. कोड जसा आहे तसा लिहा, फक्त फंक्शनच्या डोक्यावर /** नं सुरू होणारी कॉमेंट टाका, त्यात पॅराम (फंक्शनला काय द्यायचं), रिटर्न (काय परत येतं) असे ठरलेले टॅग लिहा, एचटीएमएल म्हणजे वेबची पानं आम्ही काढून देतो. कंपायलरच्या दृष्टीनं ती साधी कॉमेंटच, म्हणून कोडला धक्का लागत नाही. आज जवळजवळ प्रत्येक भाषेत जी पद्धत दिसते तिच्यावर या एका निर्णयाची छाप आहे.

सी प्लस प्लसवाल्यांसाठी तेव्हा डॉक प्लस प्लस नावाचं टूल होतं. नेदरलँड्सच्या दिमित्री व्हॅन हीश यांनी १९९७ मध्ये डॉक्सिजनचं पहिलं व्हर्जन बाहेर काढलं तेव्हा त्यात डॉक प्लस प्लसचा थोडा कोड घेतला होता, तो पुढं जवळपास सगळा बदलला, पण मॅन्युअलमध्ये त्या लेखकांचे आभार त्यांनी ठेवलेत. त्यांनी जावाडॉकची पद्धत पण स्वीकारली आणि क्यूटी या सी प्लस प्लस लायब्ररीवाल्यांची /*! वाली पण, त्यामुळं कुठल्याही सवयीचा माणूस आला तरी त्याला नव्यानं शिकायला लागत नाही. एकाच माणसानं सुरू केलेलं काम इतकी वर्षं चालू ठेवलंय, आणि ते सुद्धा जीपीएल या मुक्त लायसन्सखाली. मला याबद्दल मनापासून आदर वाटतो.

शाहूपुरीतला सी
दादा चांगला विषय काढलात. माझा अनुभव मात्र असा की पहिल्यांदा चालवलं तेव्हा पानं रिकामीच आली. फाईलींची नावं दिसतात, फंक्शन एक पण नाही. मग कंटाळून सोडून दिलं. आणि दुसरं म्हणजे आमचे इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरनं मध्येच हाक मारली की चालणारी फंक्शनं) सगळे आयएसआर नावानंच येतात, कुठला टायमरचा आणि कुठला सिरीयलचा काय कळत नाही.

उद्यमनगरकर
भावा दोन्ही गोष्टींना सरळ उत्तर आहे, आणि डॉक्सिजन आत कसं चालतं ते पण त्यातनं कळतंय.

रिकाम्या पानांचं कारण असं की डीफॉल्टला एक्स्ट्रॅक्ट ऑल हे सेटिंग बंद असतंय, म्हणजे ज्याला कॉमेंट आहे तेच छापणार. आणि सी मध्ये अजून एक मेख आहे, फंक्शनला कॉमेंट असली तरी ती फाईल स्वतः डॉक्युमेंट केलेली नसेल तर ग्लोबल फंक्शन येत नाहीत. फाईलच्या वर एक कॉमेंट टाकून त्यात बॅकस्लॅश फाईल लिही, लगेच दिसायला लागतील. स्टॅटिक फंक्शन पाहिजे असतील तर एक्स्ट्रॅक्ट स्टॅटिक वेगळं चालू करायला लागतंय.

आता आयएसआर. डॉक्सिजन कंपायलर नाही. त्याचा स्वतःचा छोटा प्रीप्रोसेसर आहे आणि त्याच्यामागं फ्लेक्सनं बनवलेले लेक्सर आहेत जे कोडचा ढाचा ओळखतात. याचा फायदा मोठा, कारण कोड कंपाइल होत नसला, हेडर गायब असले, गिऱ्हाइकानं अर्धवट फोल्डर पाठवला असला तरी ते चालतंय आणि मिळेल तेवढं काढून देतंय. तोटा असा की मॅक्रोच्या (कंपाइल होण्याआधी दुसऱ्या कोडनं बदलला जाणारा शब्द) आत काय दडलंय ते त्याला कळत नाही. मॅक्रो एक्स्पान्शन डीफॉल्टला बंद, त्यामुळं आयएसआर हे त्याला फंक्शनचं नाव वाटतं आणि कंसातलं व्हेक्टर म्हणजे आर्ग्युमेंट. यासाठी मॅक्रो एक्स्पान्शन चालू कर, एक्स्पांड ओन्ली प्रीडेफ पण चालू कर, आणि प्रीडिफाइन्डमध्ये त्याला सांग की आयएसआर कंसात अमुक म्हणजे व्हॉइड अमुक कंसात व्हॉइड. एवढ्या तीन ओळींनी प्रत्येक हँडलर आपापल्या व्हेक्टरच्या नावानं येतोय.

मॅक्रोनं भरलेला कोड किंवा किचकट टेम्प्लेट असतील तर क्लँग या कंपायलरची मदत घेऊन पार्स करायची सोय पण नंतर आली, पण वेळ जास्त लागतो आणि क्लँगसह बिल्ड केलेलं डॉक्सिजन लागतं. आपल्या फर्मवेअरला प्रीडिफाइन्ड पुरतं.

संगणकवेडी
मी मूळची राजारामपुरीची, आता पुण्यात पायथनवर काम करते. थोडी भर घालते.

पायथनमध्ये डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या आत सुरुवातीला लिहिलेलं वर्णन) ही कॉमेंट नसतेच, ती भाषेचाच भाग आहे. प्रोग्रॅम चालू असताना सुद्धा हेल्प म्हटलं की ती समोर येते. आणि दादा तुम्ही तपासण्याबद्दल म्हणालात ना, पायथनमध्ये ते फार लवकर आलं. डॉकटेस्ट हे मॉड्यूल टिम पीटर्स यांचं, २००१ मध्ये पायथन २.१ सोबत आलं. डॉकस्ट्रिंगमध्ये तुम्ही उदाहरण लिहायचं, इंटरप्रीटरमध्ये टाइप करतो तसंच, आणि खाली उत्तर. डॉकटेस्ट ते उदाहरण खरोखर चालवतं आणि उत्तर जुळलं नाही तर बोंब मारतं.

स्फिंक्स हे टूल २००८ मध्ये आलं, गेओर्ग ब्रांडल यांनी पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी बनवलं, त्याआधी ते सगळं लाटेक या छपाईच्या सिस्टीममध्ये होतं. स्फिंक्सची मांडणी डॉक्सिजनच्या बरोबर उलटी आहे. डॉक्सिजन कोडपासून सुरू होतं आणि तुम्ही मध्ये मध्ये गद्य घालता, स्फिंक्समध्ये तुम्ही गद्याची पानं लिहिता आणि ऑटोडॉकनं हवी तिथं कोडमधली माहिती ओढून घेता. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण नुसती फंक्शनची यादी वाचून कुणालाच सिस्टीम कळत नाही, सुरुवात कुठून करायची हे कुणीतरी सांगायला लागतं. लिनक्स कर्नलनं पण २०१६ मध्ये ४.८ व्हर्जनला डॉकबुक हा जुना फॉरमॅट बाजूला ठेवून स्फिंक्सकडं जायला सुरुवात केली, आणि कर्नलच्या सी कोडमधल्या /** वाल्या कॉमेंट तिथं आत ओढल्या जातात.

तुमचा कोड सी प्लस प्लसचा असेल तरी दोन्ही जोडता येतात. डॉक्सिजनकडून एक्सएमएल काढायचं आणि ब्रीद नावाचं एक्स्टेन्शन ते स्फिंक्समध्ये आणतं.

उद्यमनगरकर
ताई, सुरुवात कुठून करायची हा मुद्दा एकदम बरोबर. डॉक्सिजनमध्ये २०१२ च्या १.८.० व्हर्जनला मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) आलं ते यासाठीच महत्त्वाचं. त्याआधी गद्याची पानं लिहायची म्हटलं तरी ती कॉमेंटच्या आत कोंबायला लागायची. आता रीडमी फाईल तशीच मुख्य पान म्हणून लावता येते. आम्ही त्यात पॅनेलचं वायरिंग, कुठला रिले कुठल्या पिनवर, चालू करायचा क्रम हे लिहितो आणि तिथून फंक्शनला लिंक देतो.

कागलचा पोरगा
मी फायनल इयरला आहे. आम्हाला सांगतात प्रत्येक फंक्शनला कॉमेंट पाहिजेच. मग सगळी पोरं एआयला कोड देतात आणि कॉमेंट लिहून घेतात, पॅराम रिटर्न सगळं भरलेलं, डॉक्सिजनची एक पण वॉर्निंग नाही. मग टूल तपासतंय म्हणजे नक्की काय तपासतंय? खरंच विचारतोय.

उद्यमनगरकर
पोरा तू नेमक्या जागी बोट ठेवलंस, म्हणून नीट लिहितो.

डॉक्सिजन काय तपासतं: कॉमेंटमध्ये पॅराम म्हणून लिहिलेलं नाव फंक्शनच्या आर्ग्युमेंटमध्ये आहे का, एखादं आर्ग्युमेंट लिहायचं राहिलंय का, ज्याची लिंक दिली ते अस्तित्वात आहे का. कुणी आर्ग्युमेंटचं नाव बदललं आणि कॉमेंट तशीच ठेवली तर वॉर्निंग येते. वॉर्न ॲज एरर चालू केलं की त्या वॉर्निंगवर बिल्डच थांबतो. आमच्याकडं हे चालू आहे आणि त्यामुळंच कॉमेंट कोडसोबत बदलल्या जातात. पण वाक्याचा अर्थ खरा आहे का हे त्याला कळत नाही. ते तुझं काम.

आता हे बघ. इंडक्शन फर्नेसच्या कंट्रोलरमध्ये पंपाचं एक फंक्शन आहे समज. एआयला नुसता कोड दिला तर साधारण असं येईल:

/// पंप बंद करण्याचा विलंब सेट करतो.
/// विलंब: विलंबाची वेळ.

यात कोडमध्ये दिसत नाही असं काहीच नाही. जो माणूस फर्नेसजवळ उभा राहिलाय तो असं लिहील:

/// पॉवर बंद केल्यावरही कॉइलचा कूलिंग पंप किती वेळ चालू ठेवायचा ते ठरवतो.
/// भट्टीत वितळलेला धातू असतो, त्याची उष्णता पॉवर गेल्यावरही कॉइलला लागत राहते.
/// पाणी लगेच थांबलं तर कॉइलमध्ये वाफ होऊन नळी खराब होऊ शकते.
/// विलंब: सेकंदात. शून्य देऊ नका, टेस्टिंगला सुद्धा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतली माहिती कोड कितीही वाचला तरी मिळणार नाही, ती शॉप फ्लोअरवरनंच येते. नवीन पोरगा येऊन ‘हा विलंब कशाला, काढून टाकू’ म्हणेल तेव्हा त्याला थांबवणारी तीच ओळ आहे. एआयकडून टॅगचा सांगाडा भरून घे, माझी काहीच हरकत नाही, पण हे वाक्य तू लिही. आणि मराठीत लिहायला काही अडचण नाही, डॉक्सिजन यूटीएफ-८ वाचतं, एचटीएमएलमध्ये देवनागरी व्यवस्थित येते. आमच्या मेंटेनन्सच्या लोकांना ती पानं मराठीत वाचता येतात हा तर मोठाच फायदा.

बाणेरचा जावावाला
जावाकडची बाजू सांगतो. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ ला, डॉकलिंट ही तपासणी आली आणि जावाडॉक एकदम कडक झालं. कॉमेंटमधलं एचटीएमएल चुकलं, टॅग बंद केला नाही, पॅरामचं नाव जुळलं नाही की एरर. लोकांचे चालू बिल्ड धडाधड पडले आणि बऱ्याच जणांनी सरळ ते बंद करायचा फ्लॅग टाकला. म्हणजे तपासणी आणली तरी लोक ती बंद करू शकतात हे पण लक्षात घ्या. माझ्या मते चूक अशी की वर्षानुवर्षं साचलेल्या कोडवर एका दिवसात कडक नियम लावायचा नसतो.

बाकी जावा ९ ला पानांमध्ये सर्च बॉक्स आला, १८ ला कोडच्या उदाहरणासाठी स्निपेट टॅग, आणि २०२४ मध्ये जावा २३ ला शेवटी /// नं मार्कडाउन लिहायची सोय. कॉमेंटमध्ये हातानं एचटीएमएलचे टॅग लिहायचा त्रास ज्यांनी काढलाय त्यांना याची किंमत कळेल.

संगणकवेडी
स्निपेटचा उल्लेख आला म्हणून सांगते, रस्टमध्ये तर डॉक कॉमेंटमधलं कोडचं उदाहरण टेस्टच्या वेळी आपोआप कंपाइल होतं आणि चालतं सुद्धा. वेगळं काही करावं लागत नाही, कार्गो टेस्ट ही कमांड दिली की झालं. उदाहरण जुनं झालं की टेस्ट पडते. गो मध्ये पण एक्झाम्पल नावानं सुरू होणारी फंक्शनं लिहितात, शेवटी आउटपुटची कॉमेंट द्यायची, ती टेस्ट म्हणून पण चालतात आणि डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरण म्हणून पण दिसतात. नव्या भाषांनी हे सुरुवातीपासून आत घेतलं, जुन्यांना मागाहून जोडावं लागलं.

शाहूपुरीतला सी
ताई हे भारी आहे पण सी मध्ये कुठनं आणायचं? आमच्याकडं तर टेस्ट म्हणजे बोर्डवर टाकून बघणे.

उद्यमनगरकर
सी मध्ये थेट नाही, पण जवळ जाता येतंय. डॉक्सिजनमध्ये बॅकस्लॅश स्निपेट म्हणून कमांड आहे. उदाहरण कॉमेंटमध्ये टाइप करायचंच नाही. जी टेस्टची फाईल पीसीवर कंपाइल होते तिच्यात त्या तुकड्याच्या वर आणि खाली चौकटी कंसात एक नाव देऊन खूण करायची, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये त्या खुणेचा तुकडा मागवायचा. टेस्ट कंपाइल झाली नाही तर तुला तिथंच कळणार, आणि पानावर जे छापलं जातं ते चालणारंच असतं. बोर्डशी संबंध नसलेला भाग, म्हणजे पीआयडीचं गणित, मॉडबसची फ्रेम बनवणं, सीआरसी, हे सगळं पीसीवर टेस्ट करता येतं. तेवढं तरी कर.

इचलकरंजी लूम
मी लूमच्या कंट्रोलरवर काम करतो. दुसऱ्याचा कोड हातात आलाय, लिहिणारा माणूस नाही, कॉमेंट शून्य. चांगली नावं दिली असती तर डॉक्युमेंटेशनची गरजच काय असं मला वाटायचं, पण इथं नावं पण टेम्प १, टेम्प २, फ्लॅग अशी आहेत. अशा वेळी या टूलचा उपयोग आहे का की आधी हातानं सगळं वाचायचं?

उद्यमनगरकर
खरं तर अशा वेळीच सगळ्यात जास्त उपयोग आहे. क्रम असा ठेवा.

आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल चालू करा, स्टॅटिक पण घ्या, सोर्स ब्राउझर चालू करा, आणि ग्राफव्हिझ हे चित्रं काढणारं टूल इन्स्टॉल करून हॅव डॉट या सेटिंगला येस द्या. कॉल ग्राफ आणि कॉलर ग्राफ हे दोन्ही वेगळे चालू करायला लागतात. कॉलर ग्राफ तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे, कारण मोटर चालू करणाऱ्या फंक्शनपाशी गेलं की त्याला कोण कोण बोलावतं ते चित्रात समोर दिसतं. फक्त फंक्शन पॉइंटरमधून जे बोलावलं जातं ते त्या चित्रात येत नाही, स्टेट मशीन तसं लिहिलेलं असेल तर तिथं स्वतः वाचायला लागेल. चित्रात कुणीच बोलावत नाही असं दिसलं म्हणून फंक्शन उडवू नका.

ओळख झाली की मग एक्स्ट्रॅक्ट ऑल बंद करायचं. हे लोक विसरतात. ते चालू असेपर्यंत ‘याला डॉक्युमेंटेशन नाही’ ही वॉर्निंगच येत नाही, कारण सगळं डॉक्युमेंट केलंय असं ते धरून चालतं. बंद केलं की वॉर्निंगची मोठी यादी येणार. तिला घाबरू नका आणि जावावाल्या दादांनी सांगितलं ते इथं लागू करा, सगळं एकदम एरर करू नका. आधी फक्त हार्डवेअरला हात लावणारी हेडर इनपुटमध्ये द्या, तेवढ्याच्या वॉर्निंग शून्यावर आणा, तेवढ्यासाठी वॉर्न ॲज एरर लावा. मग पुढचा फोल्डर. ज्या फंक्शनला हात लावाल त्याचीच कॉमेंट लिहायची, उगाच सगळ्या फाईली घेऊन बसायचं नाही.

नावांबद्दल म्हणाल तर चांगलं नाव पाहिजेच, पण एकक, मर्यादा, कुठल्या क्रमानं बोलवायचं, इंटरप्टमधून बोलावलं तर चालतं का, एवढं सगळं नावात मावत नाही.

इचलकरंजी लूम
चालवून बघितलं. कॉलर ग्राफमध्ये ब्रेकचं फंक्शन तीन वेगळ्या ठिकाणांहून बोलावलं जातंय हे दिसलं, मला एकच माहीत होतं. आता एकच विचारतो, मालकांना पीडीएफ पाहिजे आणि ती पण मराठीत. लाटेकमधून काढली तर देवनागरीच्या जागी एरर येतायत.

उद्यमनगरकर
ते पीडीएफलाटेकमुळं, त्याला देवनागरी सरळ जमत नाही. सेटिंगमध्ये लाटेकची कमांड बदलून झीलाटेक द्या आणि फॉन्टस्पेक पॅकेज घालून देवनागरीचा फॉन्ट लावा, नोटो चालतो. एवढी खटपट नको असेल तर मार्कडाउनचं मुख्य पान आणि दोन-तीन महत्त्वाची पानं ब्राउझरमधून पीडीएफ म्हणून प्रिंट करा, जोडाक्षरं एकदम बरोबर येतात. आणि मालकांना सांगा की पीडीएफ प्रत्येक रिलीजला नवी काढायची, तिच्यावर व्हर्जन नंबर छापलेला पाहिजे. डॉक्सिजनच्या फाईलमध्ये प्रोजेक्ट नंबर म्हणून जागा आहे, बिल्ड स्क्रिप्टमधून तिथं गिटचा टॅग भरला की तो आपोआप येतो.